आधी वाटाण्याचे रोप, मग हरिश्चंद्र

(माध्यम-अभ्यासाच्या विद्यार्थ्यांचे चित्रपट-प्रकल्प सुरू होताना, विद्यार्थी आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय मला ‘चित्रपट-प्रकल्पाचे नियोजन आणि प्रस्तावाची मांडणी’ असा कळविण्यात आला. हा शब्दप्रयोग ऐकताना जरा शासकीय परिपत्रकासारखा वाटतो. तुमच्या भाषेत सांगायचे तर ‘प्लॅनिंग’ आणि ‘पिचिंग’. चार-पाच जणांच्या गटाने मिळून दहा मिनिटांचा एक लघुपट करायचा, त्याआधी त्याचा प्रस्ताव लिहायचा, आणि तो परीक्षकांपुढे पाच मिनिटांत मांडायचा. परीक्षकांनी होकार दिला की कॅमेरा हातात मिळणार. तुमच्या अकरा गटांचे प्रस्ताव विभागाने मला आठवडाभर आधी वाचावयास दिले होते. ते मी सारे वाचले, काही दोनदा वाचले.

स्पष्टच सांगतो. अकरापैकी आठ प्रस्तावांत चित्रपट नाही, केवळ विषय आहे. ‘पाण्याची समस्या’, ‘मोबाइलचे व्यसन’, ‘वृद्धांचा एकाकीपणा’, ‘महिला सक्षमीकरण’. हे विषय उत्तम आहेत, निबंधस्पर्धेला चालतील, वक्तृत्वस्पर्धेला तर फारच चालतील. पण कॅमेरा ‘समस्या’ टिपू शकत नाही. कॅमेऱ्याला दिसते ती रिकाम्या घागरीपाशी रांगेत उभी असलेली एक बाई, तिच्या पायातली तुटकी चप्पल, आणि टँकर आल्यावर तिची उडालेली धांदल. विषय डोक्यात असतो आणि चित्रपट डोळ्यांसमोर असतो. या दोहोंमधले अंतर कसे ओलांडायचे, एवढेच मला आज बोलायचे आहे. त्यासाठी एक जुनी हकिगत सांगतो. तुमच्यापैकी अनेकांना ती अर्धी माहीत असेल, पण उरलेली अर्धीच तुमच्या कामाची आहे.

दादासाहेब फाळके हे नाव घेतले की आपल्याला ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात तो लोकांसमोर आला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेला, जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला, छायाचित्रण आणि मुद्रण या दोन्ही कलांत हात मुरलेला हा माणूस गिरगावातल्याच एका तंबूवजा चित्रपटगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहतो आणि आपल्या देवादिकांची चित्रेही पडद्यावर अशी हलली पाहिजेत, या कल्पनेने झपाटून जातो. नंतर चित्रपट पाहून पाहून डोळ्यांचा आजार होतो. विम्याची पॉलिसी गहाण पडते, आणि १९१२ च्या आरंभी ते लंडनला जाऊन विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र खरेदी करतात. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांना ते अगांतुकासारखे जाऊन भेटले. त्या गृहस्थांनी आधी या धंद्यात पडू नका असा सल्ला दिला, आणि नंतर सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे त्यांची शिफारसही केली.

इथवर सगळ्यांना ठाऊक असते. आता पुढचे ऐका. फाळके मुंबईला परतले तेव्हा त्यांच्यापाशी यंत्रे होती, ज्ञान होते, घरच्यांचा पाठिंबा होता. पैसा मात्र नव्हता. ज्यांच्याकडे पैसा होता, त्यांना ‘हिंदुस्थानात चित्रपट बनविता येतो’ हे पटविणे अवघड होते, कारण इथे असे कोणी केलेले त्यांनी पाहिलेच नव्हते. अशा वेळी तुम्ही-आम्ही काय केले असते? भाषण केले असते. भारतीय कलेचे वैभव, स्वदेशी उद्योगाची निकड, भावी नफ्याची गणिते, असे सारे सांगितले असते. आजच्या काळात चाळीस स्लाइडी दाखविल्या असत्या.

फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले.

कुंडीसमोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोड्या थोड्या अंतराने एकेक चौकट टिपत राहिले. बी रुजले, कोंब वर आला, रोप वाढले. हे सारे पडद्यावर मिनिटभरात उलगडणारी एक छोटी फीत तयार झाली, ‘अंकुराची वाढ’. ती त्यांनी निवडक लोकांना दाखविली, आणि पहिल्या चित्रपटासाठी कर्ज मिळण्याचा मार्ग तिच्यातून मोकळा झाला. सरस्वतीबाईंचे दागिनेही त्या उभारणीत गेले, हे विसरता कामा नये.

मित्रहो, या हकिगतीकडे निर्मितीच्या दृष्टीने जरा नीट पाहा. नट नाहीत, वेशभूषा नाही, प्रवास नाही, कोणाची परवानगी नाही. चित्रीकरणाचे स्थळ म्हणजे स्वतःचे घर. खर्च मूठभर वाटाण्यांचा आणि थोड्या फिल्मचा. पण जे दिसले ते असे की, नाटकाच्या रंगमंचावर दाखविता येणार नाही, चित्रात काढता येणार नाही, नुसत्या डोळ्यांनी तर कधीच पाहता येणार नाही. काळ आखडून दाखविणे हे केवळ चित्रपटालाच जमते. म्हणजे एका मिनिटात त्यांनी तीन गोष्टी सिद्ध केल्या. यंत्र चालते, ते चालविणाऱ्याला ते येते, आणि या माध्यमात असे काही आहे जे अन्यत्र नाही. समोरच्या माणसाच्या मनातल्या न विचारलेल्या शंकेचे हे उत्तर होते. त्याला हिंदुस्थानी संस्कृतीची शंका नव्हतीच. शंका होती ती ‘तुला हे जमेल का?’ एवढीच. परीक्षकांच्या मनातही पहिली शंका तीच असते, मग ते तोंडाने काहीही विचारोत.

तेव्हा प्रस्ताव मांडायला जाताना तुमचे वाटाण्याचे रोप बरोबर न्या. मिनिटभराची चित्रफीत, मोबाइलवर घेतलेली चालेल. चित्रपटात जी जागा दिसणार ती जागा, जो माणूस बोलणार तो माणूस, जो आवाज महत्त्वाचा तो आवाज. यात इतरांच्या चित्रपटांतील उचललेली दृश्ये मात्र नकोत. ती दाखविल्याने दुसऱ्याला काय येते, एवढेच सिद्ध होते.

याच हकिगतीतला आणखी एक धागा मला फार मोलाचा वाटतो. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी दादरच्या त्या घरी साठ-सत्तर माणसे जेवायला असत आणि त्यांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतविण्याचे कामही त्यांनी केले, कच्च्या फिल्मला अंधारात छिद्रेही पाडली. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. शेवटी एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. नटमंडळींना लोक काय काम करता म्हणून विचारीत, तेव्हा ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत’ असे सांगा, अशी युक्ती फाळक्यांनी काढली होती. परेश मोकाशी यांनी २००९ साली ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा चित्रपट केला, त्याचे नाव त्यावरूनच आले. मला सांगायचे आहे ते वेगळेच. तुमच्या अकरा प्रस्तावांपैकी एकाच्याही अंदाजपत्रकात जेवणाचा खर्च धरलेला नाही! लेन्सचे भाडे आहे, ड्रोनचे भाडे आहे, पण पाच जण दिवसभर उन्हात उभे राहून काय खाणार याचा उल्लेख नाही. दुपारी दोन वाजता उपाशी गटात जी भांडणे होतात, त्यात जेवढे प्रकल्प बुडालेले मी पाहिले, तेवढे वाईट कॅमेऱ्यामुळे बुडालेले नाहीत.

आता वेळेच्या नियोजनाबद्दल. येथे सत्यजित राय यांचे उदाहरण घ्यावेसे वाटते. ‘पथेर पांचाली’ करायचा ठरला तेव्हा त्यांच्यापाशी रीतसर टंकलिखित पटकथा नव्हती. होती ती एक चित्रवही. प्रसंगामागून प्रसंग शाईने रेखाटलेले. ती वही घेऊन ते निर्मात्यांचे उंबरठे झिजवीत होते. ती पाहून कोणी निर्माता पुढे आला नाही. म्हणजे उत्कृष्ट मांडणी केली की होकार मिळतोच असे नाही, हेही ध्यानात ठेवा. नोकरी सांभाळून, विम्याच्या पॉलिसीवर पैसे उचलून त्यांनी सुट्टीच्या दिवशी चित्रीकरण सुरू केले. पहिला दिवस १९५२ सालच्या ऑक्टोबरातला. दुर्गा आणि अपू ही भावंडे काशफुलांच्या पांढऱ्या रानातून आगगाडी पाहायला धावतात, तो प्रसंग घेतला होता. अर्धे काम झाले. पुढच्या रविवारी मंडळी त्याच जागी पोहोचली, तर काशफुलांचा पत्ता नाही. गुरांनी सगळे रान खाऊन टाकले होते! काशफूल फुलते शरदात. तो प्रसंग पुरा करायला फुलांचा पुढला हंगाम येईपर्यंत थांबावे लागले. चित्रपट पूर्ण झाला तो पश्चिम बंगाल सरकारच्या पैशावर. नावात ‘पथ’ आहे म्हणून तो पैसा रस्तेसुधारणेच्या खात्यातून आला, हा किस्सा तुम्ही ऐकला असेल. १९५५ मध्ये तो प्रदर्शित झाला.

राय यांच्यासारख्याला गुरांनी चकविले, तर तुमची काय कथा? म्हणून चित्रीकरणाचे वेळापत्रक आखताना पहिला प्रश्न हा विचारायचा की, यात असे काय आहे जे पुन्हा मिळणार नाही? ऋतू, सण, पीक, परीक्षा, एखाद्या लहान मुलाचे वय, एखाद्या वृद्धाची प्रकृती. ते आधी टिपायचे, बाकीचे नंतर. आता पाहा, एका गटाने आषाढी वारीवर प्रस्ताव दिला आहे. अतिशय उत्तम लिहिला आहे. फक्त आज भाद्रपद चालू आहे आणि तुमचा प्रकल्प डिसेंबरात जमा करायचा आहे! (हशा.) हसू नका, त्या गटाची चूक दुरुस्त होण्याजोगी आहे. त्याकडे मी शेवटी येईन.

मी स्वतः हे शहाणपण कुठून शिकलो, ते आता सांगायला हरकत नाही. तीस वर्षांहून अधिक काळ झाला. मी तेव्हा तुमच्याच वयाचा होतो, आणि आम्हा चौघांना एक अनुबोधपट करायचा होता. जात्यावरच्या ओव्यांवर. मावळातल्या एका गावात मित्राच्या नात्यातल्या एक आजी होत्या. सत्तरी उलटलेली, पण आवाज खणखणीत. शेकडो ओव्या मुखोद्गत. आम्ही एका संध्याकाळी जाऊन त्यांना भेटलो, जागा पाहिली. वीज गेलेली होती, अंगण शांत होते, तुळशीपाशी दिवा होता. आम्ही भारावून गेलो. वहीत लिहिले, ‘जागा आदर्श.’

पुढच्या आठवड्यात भाड्याचा व्हीएचएस कॅमेरा घेऊन गेलो. एकाच दिवसाचे भाडे परवडत होते. उजेड चांगला हवा म्हणून सकाळी नऊची वेळ धरली. जाते ओसरीवर आणवले, आजींना नऊवारी इरकल नेसायला लावले, आणि म्हटले, ‘आजी, म्हणा.’ त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, ‘लेकरा, ही ववी पहाटंची. उन्हं वर आल्यावर कोन दळतंय?’ मी म्हणालो, ‘आजी, पहाटे अंधार असतो, चित्र येत नाही.’ त्यांनी मान डोलावली आणि खुंट्याला हात घातला. दुसरी ओवी सुरू झाली आणि शेजारची पिठाची गिरणी चालू झाली. संध्याकाळी वीज नव्हती म्हणून ती आम्हाला ऐकूच आली नव्हती. आम्ही गिरणीवाल्याला विनवले. तो भला माणूस. पण त्याच्या दारात बाया डबे घेऊन उभ्या होत्या, तो किती वेळ थांबणार? दिवसभरात आम्हाला अकरा मिनिटांचे काम मिळाले, आणि त्यातल्या प्रत्येक ओवीखाली गिरणीची घरघर होती. माईक कॅमेऱ्यावरचाच होता, वेगळा नव्हता.

ती फीत मी आमच्या शिक्षकांना दाखविली आणि रडकुंडीला येऊन म्हणालो, गिरणीने आमचा चित्रपट घालविला. त्यांनी ती पुन्हा पाहिली आणि म्हणाले, ‘अरे, ओवी का थांबली हे तू शोधायला गेला होतास ना? मग त्याचे उत्तर शेजारी बोलत होते. तू त्याला गप्प बसवायला गेलास.’ ज्या गिरणीमुळे जाते थांबले, ती गिरणी, तिथे डबे घेऊन उभ्या असलेल्या त्या बाया, त्यांचे वाचलेले कष्ट, आणि पलीकडे एकटी बसलेली ही आजी. हा चित्रपट तिथे होता, पण आम्ही आदल्या संध्याकाळी मनात बांधून ठेवलेल्या चित्राबाहेर पाहायला तयार नव्हतो.

ठरविले की पुन्हा जायचे. पहाटे जायचे, कंदिलाच्या उजेडात का होईना, नीट ध्वनिमुद्रण करायचे. परीक्षा झाल्यावर जाऊ म्हटले, मग पेरणी उरकल्यावर जाऊ म्हटले. आषाढात आजी गेल्या.

ती फीत माझ्यापाशी आहे. अधूनमधून काढतो. आजींचे ओठ हलताना दिसतात आणि ऐकू येते ती गिरणी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी याच महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यामागे वर्षानुवर्षांचे जाणे-येणे आहे, ऐकत बसणे आहे. आमच्या आजींच्या ओव्या त्यांत कुठे असतील तर असतील. आम्ही एका दिवसाच्या भाड्यात त्या मिळवू पाहत होतो.

यातून तुम्ही घ्यायचे ते असे की, स्थळपाहणी करायची ती ज्या वेळी चित्रीकरण करणार त्याच वेळी, त्याच वारी करायची. डोळे मिटून पाच मिनिटे उभे राहायचे आणि कानावर काय येते ते वहीत लिहायचे. मंदिराचा भोंगा, शाळेची घंटा, पंप, भटकी कुत्री, पंखा. चित्र थोडे काळपट आले तर प्रेक्षक सांभाळून घेतो. ऐकू न येणारे बोलणे तो सहन करीत नाही. अंदाजपत्रकात दोनच गोष्टी परवडत असतील, तर वेगळा माईक आणि जेवण घ्या.

संकलनाबद्दल थोडे गणित सांगतो. कागदावर मांडले की डोळे उघडतात. दहा मिनिटांच्या लघुपटासाठी साधारण दसपट चित्रीकरण धरा, म्हणजे शंभर मिनिटे. अनुबोधपट असेल तर सहज दुप्पट-तिप्पट होते. पाच तास झाले असे समजू. एखादा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट या गतीने नोंद करीत असेल, तर तासाला ४५ गिगाबाइट जागा लागते. पाच तासांचे झाले २२५, आणि दोन ठिकाणी प्रती ठेवायच्या तर ४५०. दुसरी प्रत कशाला, असे विचारणाऱ्या गटाची हार्डडिस्क आदल्या रात्री पडते, हा माझा अनुभव आहे. आणि पाच तासांचे चित्रीकरण नुसते एकदा बघायलाच पाच तास लागतात. टिपणे काढत पाहिले तर दहा. तेव्हा ‘संकलन – दोन दिवस’ असे ज्यांनी लिहिले आहे त्यांनी ते आज रात्रीच खोडावे.

परवानग्यांबद्दल फार बोलत नाही, कारण नियम तुम्ही मुळातून वाचले पाहिजेत. एवढेच सांगतो की, रायगडासारखे किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत आहेत, काही किल्ले राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहेत. कोणता कोणाकडे, ते आधी शोधा आणि अर्ज करा. रेल्वे फलाटावर कॅमेरा लावायचा तर रेल्वेची अनुमती हवी. ड्रोनला २०२१ पासून स्वतंत्र नियमावली आहे. या अनुमतींना आठवडेच्या आठवडे लागू शकतात, ते वेळापत्रकात धरा. आणि साहित्यकृतीवर लघुपट करणाऱ्यांसाठी एक सूचना. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या साहित्याला स्वामित्वहक्काचे संरक्षण असते. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांचे लेखन २०११ पासून सर्वांना मोकळे आहे. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, म्हणजे त्यांच्या लेखनासाठी २०६० संपेपर्यंत अनुमती घ्यावी लागेल. दोन गटांनी पुलंच्या व्यक्तिचित्रांवर प्रस्ताव दिले आहेत. प्रेम समजू शकतो, पण अनुमतीचे पत्र कुठे आहे?

आता मांडणीकडे येतो. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीचा प्रस्ताव माझ्यासमोर आला होता, त्याचेही नाव ‘महिला सक्षमीकरण’ असेच होते. तीन पाने. आकडे होते, सुविचार होते, शेवटी एक कविताही होती. मुलगी अबोल, खाली मान घालून वाचत होती. मी तिला थांबवून विचारले, ‘बाळ, आज सकाळी तुझी आई किती वाजता उठली?’ ती म्हणाली, ‘साडेतीनला.’ का? तर आईचे पोळी-भाजी केंद्र आहे. रोज चारशे पोळ्या. हाताखाली दोन बायका. ‘मग आता घरात काय चालले आहे?’ यावर ती जराशी घुटमळली आणि म्हणाली, ‘आई पोळ्यांचे यंत्र घ्यायचे म्हणते आहे. दिवाळीपर्यंत ठरवायचे आहे. आईचे खांदे गेलेत. पण यंत्र आले तर मावशींचे काम जाईल.’

खोलीतले सगळे परीक्षक खुर्चीत सरसावून बसले. कारण आता तिथे एक माणूस होता, त्याला काहीतरी हवे होते, त्याच्या वाटेत काहीतरी आडवे येत होते, आणि निर्णयाची तारीख ठरलेली होती. यात कोण चांगले आणि कोण वाईट असे नव्हते. खांदे आईचे दुखत होते आणि पोट मावशींचे होते. तिने तीन पाने फाडली आणि पुढच्या वेळी येताना एकच वाक्य लिहून आणले, ‘चारशे पोळ्या लाटणाऱ्या माझ्या आईला दिवाळीपूर्वी ठरवायचे आहे की यंत्र घ्यायचे की माणसे ठेवायची.’ सोबत चाळीस सेकंदांचे ध्वनिमुद्रण होते, पहाटेच्या शांततेत पोळपाटावर फिरणाऱ्या तीन लाटण्यांचे. तिने ते लावले आणि गप्प बसली. पाच मिनिटांपैकी तिला तीनच लागली.

चित्रपट निर्दोष झाला नाही. प्रकाशयोजना तर यथातथाच होती. आईने शेवटी यंत्र घेतले, एक मावशी राहिल्या, एक गेल्या. ज्या गेल्या त्यांनी शेवटच्या आठवड्यात सांगितले की, माझा चेहरा दाखवू नका. आधी त्यांनी होकार दिलेला होता. कागदावर सहीही होती. गटात वाद झाला. सर्वांत उत्कट प्रसंग त्यांचाच होता. मुलीने तो काढून टाकला आणि त्या जागी रिकामा पोळपाट ठेवला. तिला गुण कमी मिळाले. मला विचाराल तर तिने योग्य केले, जरी त्या परीक्षकांत मीही होतो आणि गुण मीच कमी दिले होते.

म्हणून सांगतो, पाच मिनिटांत ‘नावीन्यपूर्ण’, ‘हृदयस्पर्शी’, ‘समाजाला संदेश देणारा’ असली विशेषणे वापरण्यात वेळ घालवू नका. ती प्रेक्षकांनी लावायची असतात. कोण, त्याला काय हवे आहे, काय आडवे येते आहे, हे तीन दमांत सांगा. त्यानंतर हा चित्रपट तुम्हीच का करायचा, ते सांगा. त्या मुलीखेरीज पहाटे साडेतीनला त्या स्वयंपाकघरात कोणाला उभे राहू दिले असते? आणि शेवटी अडचण स्वतःहून सांगा. ‘आमच्या मुख्य व्यक्तीला बोलायचे नसेल तर आम्ही असे करू’ हे वाक्य ज्या गटाला येते, त्या गटाने गृहपाठ केला आहे हे समोरच्याला लगेच उमगते. परीक्षकांनी आक्षेप घेतला तर वकिली करू नका. लिहून घ्या. ‘हे आम्हाला ठाऊक नाही, आठवड्यात शोधून सांगतो’ हे उत्तर अजिबात कमीपणाचे नाही. सराव कुठे करायचा? आरशासमोर नको. घरी, स्वयंपाक चालू असताना, आईला किंवा आजीला दोन वाक्यांत सांगा. त्यांनी ‘बरं, मग पुढे काय झालं?’ असे विचारले तर तुमचा प्रस्ताव तयार आहे. ‘छान आहे हो’ म्हणून त्या कुकरकडे वळल्या तर अजून तयार नाही.

पालकांना एक विनंती. हौसेने महागडा कॅमेरा घेऊन देऊ नका. विभागाचा आहे, मोबाइल आहेत. त्याऐवजी एसटीचे भाडे द्या, पहाटे बाहेर पडायची परवानगी द्या, आणि घरात चित्रीकरण करायचे म्हटले तर पसाऱ्याकडे दोन दिवस दुर्लक्ष करा. दादरच्या त्या घरातही पसारा काही कमी नसणार.

आता वारीच्या गटाकडे. मित्रहो, आषाढी गेली, पण कार्तिकी यायची आहे. कार्तिक शुद्ध एकादशीला पंढरपूर आणि कार्तिक वद्यात आळंदी, ज्ञानेश्वर माउलींच्या समाधी सोहळ्याची यात्रा. दोन्ही तुमच्या मुदतीत बसतात. मात्र लाखोंच्या गर्दीचे विहंगम दृश्य विसरा. एक दिंडी धरा, तिच्यातला एक विणेकरी किंवा एखादी तुळस घेतलेली माउली धरा, आणि या महिन्यातच त्यांच्या गावी जाऊन भेटा. कॅमेरा न नेता. पायी चालणाऱ्यांबरोबर तुम्हालाही चालावे लागेल, तेव्हा तुमच्यापैकी कोण उलटे चालत चित्रण करू शकतो, त्याची तालीम आतापासून मैदानावर सुरू करा.

सगळे प्रस्ताव मी टिपणांसह विभागात ठेवले आहेत, ते गुरुवारी मिळतील. ज्या गटाच्या प्रस्तावावर मी नुसते ‘किती वाजता?’ असे लिहिले आहे, त्यांनी आज चहाच्या वेळी मला भेटावे. तुमच्या प्रस्तावातल्या कुंभारकाका भट्टी केव्हा पेटवितात, ते तुम्ही कुठेच लिहिलेले नाही, आणि मला ते खरोखरच जाणून घ्यायचे आहे.